अपूर्णांक

पूर्णा जंक्शनला एकतीस वर्षं सांधे बदलले मी. पॉईंट्समन.
रिटायर झालो तर पोरांनी दुसरेच पॉईंट दिले हातात:
इन्स्टिट्यूटच्या भिंतीवरचा काळा फळा,
गोदाकाठ फुटबॉल साखळी, ब गट, नऊ संघ.
अ गटाच्या पेपरात चार ओळी यायच्या.
आमचं जे काय, ते या फळ्यावर.

फक्की मारायचं कामही माझंच.
डालड्याच्या डब्याला खालून भोकं,
या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी,
आणि वाकून चालायचं, मागं न बघता.
बघितलं की रेघ बिघडते.

मार्चातल्या त्या शनिवारी मारल्या रेघा.
रविवारी वसमत येणार होती, आमच्या लोको शेडवर.
लोको शेड खालून पहिली.
शेड तर केव्हाच मोडली, इंजिनं भंगारात गेली,
नाव तेवढं बनियनवर राहिलं.
चौदा सामने, तेरा गुण.
वरती मानवत: पंधरा सामने, चौदा गुण.
एक मॅच हातात आहे काका, सुगत खिल्लारे म्हणायचा,
बूट उशाला घेऊन झोपणारा पोरगा.

रविवारी कोणी आलं नाही.
मंगळवारी तर कोणी कुठंच गेलं नाही.
चार दिवसांत रुळांवर गंज चढला.
रूळ चकाकतो तो चाकानं,
हे मला ठाऊक होतं, पोरांना नवं.
मैदानात शेळ्या. पण रेघा तशाच,
कॉर्नरचा पाव गोल मे महिन्यापर्यंत पांढरा;
पुसायला पाय लागतात.

जूनमध्ये पत्र आलं, जावक क्रमांकासह.
उरलेले सामने रद्द. गुण भागिले सामने.
पहिल्या नंबरचा कप गंगाखेडला
दुधाच्या टेम्पोतून गेला, कॅनांच्या मधोमध.
शेवटच्याला क गट.
मी खडूनं मांडलं:
मानवत शून्य पूर्णांक नऊशे तेहेतीस.
लोको शेड शून्य पूर्णांक नऊशे अठ्ठावीस.
पुन्हा मांडलं. नातवाच्या मोबाईलवर मांडलं.
पाच हजारांश.
सांध्यात एवढी फट असली
तर गाडी खडखडही करत नाही.

सुगतला फोन केला. तो रांजणगावला अडकलेला,
कंपनीच्या खोलीत अकरा जण.
ऐकून घेतलं. मग म्हणाला,
काका, बूट घरी ऱ्हायले, उंदरं बघा.

ऑगस्टात डॅनियल सरांची मुलगी आली,
त्यांची शिट्टी ठेवून गेली ओट्यावर.
उकळून आणलीय, म्हणाली.
एवढंच म्हणाली.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मुजीब.
वसमतचा गोलकीपर, हळदीच्या गोडाऊनला कामाला,
तळहात कायमचे पिवळे.
पाव किलो हळद दिली, काढ्याला घ्या म्हणे,
आणि मैदानाकडं बघत राहिला.
गाजरगवत गुडघ्याला. खांब दिसत होते.
काका, आमची एक मॅच ऱ्हायलीय तुमच्याकडं.
अरे, माणसं कुठायत?
तुम्ही हायत की.

तर मी, त्रेसष्ट वर्षांचा, तोंडाला रुमाल, पायात चप्पल,
बारा पावलं मोजून बॉल ठेवला.
डॅनियल सरांची शिट्टी गळ्यात होती,
वाजवायची तर तोंड उघडं करावं लागतं,
नाही वाजवली.
मारला.
बॉलपेक्षा चप्पल लांब गेली.
मुजीब बरोबर बाजूला पडला, हात लागला,
आणि बॉल आत.

सोडलास काय रे?
नाही काका. सुटला.
बॉलवर चार बोटं उमटलेली, पिवळी.

तो गेल्यावर फळ्यापुढं उभा राहिलो.
तेरा अधिक तीन सोळा, भागिले पंधरा.
एकाच्या वर जातं.
फळ्यावर नाही मांडलं; पत्र म्हणजे पत्र.
बॉलपेननं तळहातावर मांडलं,
घरी जाईपर्यंत मूठ मिटून नेलं,
आणि दारातच सुनेनं साबण पुढं केला.
वीस आकडे मोजायचे असतात.
मी सोळापर्यंत मोजले.